साडेपाच तासांचं लंडन

विश्वंभरराव टेंबे मुलाला आणायला स्टेशनवर गेले नाहीत. रेल्वे कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरपासून फलाट चालत दहा मिनिटांवर. गाडी वेळेवर आल्याचं त्यांना घरबसल्या शिट्टीवरून कळलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे आलेला एकही पाहुणा झाशीच्या फलाटावर एकटा उतरला नव्हता. पोटचा मुलगा लंडनहून तीन वर्षांनी येत होता, आणि ते मागच्या अंगणात स्टुलावर बसून तोंड धूत होते.

"तीन दिवस लेट आलेल्याला आणायला कोण जातं?" ते म्हणाले.

गोदूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्या विश्वंभररावांच्या बायकोच्या, वसुंधराबाईंच्या, मोठ्या मावसबहीण. ओरछा गेटाजवळच्या जुन्या मराठी घरातल्या, पाच पिढ्यांपासून झाशीच्या, त्यामुळे बोलण्यात अर्धी हिंदी. गुरुवारपासून त्या इथेच होत्या.

"नका जाऊ. पण तो येईल तेव्हा तोंड ठीक ठेवा. पोराची माँ गेली आहे."

"तोंड ठीकच आहे. आणि आत्ताच सांगून ठेवतो अक्का, अस्थींना त्याचा हात लागायचा नाही. उद्या ओरछ्याला मी जाईन आणि मी सोडीन."

अस्थींचा तांब्याचा कलश पांढऱ्या फडक्यात बांधून लिंबाच्या फांदीला टांगला होता. दत्तात्रेय गुरुजी शनिवारी म्हणाले होते, "अग्नी तुम्ही दिलात, दहावा तुम्हीच करायचा. पण मुलगा येतोय, तर अस्थी त्याच्या हातून ओरछ्याला बेतवा नदीत जाऊ द्या. शास्त्र आहे."

"शास्त्रात वेळेवर यायचं लिहिलेलं नाही का?" असं विश्वंभररावांनी विचारलं, तेव्हा गुरुजींनी पंचांग मिटून पिशवीत घातलं होतं.

राग कशाचा, हे त्यांना कुणाला समजावून सांगायची गरज वाटत नव्हती. विद्याधर लंडनला गेला तेव्हा, बहात्तरच्या जानेवारीत, त्याचं विमानाचं तिकीट त्यांनी स्वतः वाचलं होतं. दिल्ली सुटणार सात वाजता. लंडन पोचणार साडेबारा वाजता, त्याच दिवशी. विश्वंभरराव कंट्रोल ऑफिसमध्ये सेक्शन कंट्रोलर होते. एकोणीस वर्षं कानाला हेडफोन लावून, समोर मोठा तक्ता पसरून, कुठली गाडी कुठे किती वाजता आहे हे पेन्सिलीने ओढत आलेला माणूस. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मधला फरक. साडेपाच तास. झाशीहून दिल्लीला आपली गाडी सात तास घेते, हे त्यांनी तिथल्या तिथे वसुंधराबाईंना सांगून टाकलं होतं. "रडतेस काय? दिल्लीपेक्षा जवळ गेलाय तो. सकाळी निघाला की जेवायला घरी."

अंतर चार हजार मैलांच्या वर आहे, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी भागाकारसुद्धा केला होता. ताशी साडेसातशे मैल. ऑफिसात सगळ्यांना त्यांनी तो आकडा सांगितला, आणि वेळेच्या बाबतीत टेंबेसाहेबांना उलट विचारायची पद्धत त्या ऑफिसात नव्हती.

आणि आता हा मुलगा. बुधवारी सकाळी दहाला अर्जंट तार केली. संध्याकाळपर्यंत मिळाली असती. रात्री बाराच्या विमानात बसला असता तरी साडेपाचला दिल्ली. साडेनऊची गाडी. गुरुवारी साडेचारला झाशी. तो आला रविवारी सकाळी.

दार ढकलून विद्याधर आत आला तेव्हा त्याच्या अंगावर जाड कोट होता आणि दाढीचे खुंट वाढलेले. हातात एकच छोटी बॅग. तो वाकला, तर विश्वंभररावांनी पाय मागे घेतले.

"सुतकात नमस्कार करत नाहीत. विसरलास वाटतं तिकडे."

"बाबा."

"हातपाय धू. अक्का चहा देतील."

गोदूबाईंनी त्याला जवळ घेतलं. आई गुरुवारीच गेली, उद्या ओरछ्याला अस्थी सोडायच्या, आणि बाबा त्याला येऊ नको म्हणतात, हे त्यांनी त्याला हळूच सांगितलं. तो रडला, थोडा वेळ आणि आवाज न करता. विश्वंभरराव टॉवेलने तोंड पुसत उभे राहिले. चहा झाला. कप खाली ठेवायच्या आतच त्यांनी विचारलं, "तार कधी मिळाली?"

"गुरुवारी संध्याकाळी. मी कामावर होतो, घरमालकिणीने घेऊन ठेवली होती. शुक्रवारी सकाळी तिकीट काढलं, रात्री आठच्या विमानात जागा मिळाली."

"शुक्रवारी रात्री आठ. दिल्ली?"

"शनिवारी दुपारी एक. मग रात्रीच्या गाडीत कशीबशी जागा."

विश्वंभररावांनी बोटं मोजली नाहीत, त्यांना लागत नसत. "सतरा तास."

"काय?"

"आठ ते एक. सतरा तास. जाताना साडेपाच आणि येताना सतरा? मध्ये घाट लागतो का कुठे? मागून दुसरं इंजिन लावावं लागतं?"

विद्याधरला काही कळलं नाही. तो मावशीकडे बघू लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस? मला सांग. मधले साडेअकरा तास कुठे होतास? आई जाते आहे अशी तार हातात, आणि तू कुठल्या गावी उतरून फिरत होतास?"

"कुठेही उतरलो नाही. विमानाचे दोन थांबे होते, तासातासाचे. साडेअकरा तासांचा प्रवास आहे, बाबा. जातानाही अकरा लागतात."

"मी तिकीट वाचलंय तुझं."

"मीही वाचलंय."

"अप आणि डाउनच्या गाडीत तासाचा फरक पडतो, फार तर दोन. तिप्पट पडत नाही. एकोणीस वर्षं ड्रायव्हर लोक मला असंच सांगत आलेत, साहेब, सिग्नल नव्हता, साहेब, पाणी भरत होतो. तक्त्यावर रेघ ओढली की खोटं उघडं पडतं. थांब."

ते खरंच आत गेले आणि ट्रंकेवरचा जुना तक्ता घेऊन आले. ऑफिसात जुने झालेले तक्ते वसुंधराबाई फळ्यांवर अंथरायला मागून घ्यायच्या, म्हणून घरात पाच-पंचवीस पडलेले असत. त्यांनी एक उलटा करून जमिनीवर पसरला, पट्टी घेतली. वर आडवे तास लिहिले. डाव्या बाजूला, जिथे स्टेशनं खाली खाली येतात तिथे, सगळ्यात वर लिहिलं दिल्ली, सगळ्यात खाली लंडन.

"हे बघ. सात वाजता दिल्ली." त्यांनी टिंब दिलं. "साडेबारा लंडन." दुसरं टिंब. रेघ ओढली. कड्यावरून दगड सोडावा तशी ती सरळ खाली आली. "ही तुझी जाण्याची गाडी. आता येण्याची. आठ वाजता लंडन. दुसऱ्या दिवशी एक, दिल्ली." ही रेघ कागदभर रेंगाळत वर चढली. "एकच मार्ग, एकच इंजिन. एक तुफान मेल आणि दुसरी मालगाडी. सांग आता."

गोदूबाई डाळ सोडून बघायला आल्या. त्यांना रेघा कळत नव्हत्या, पण कुणी खोटं बोलत असेल तर ते बघायचं होतं.

विद्याधर कागदावर वाकला. तो तिकडे एका वीज कंपनीत नकाशे काढायच्या कामावर होता, त्यामुळे रेघा त्याला कळत होत्या. मग त्याने वडिलांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"बाबा, हे साडेबारा कुठल्या घड्याळाचे?"

"कुठल्या म्हणजे? तिकिटावर लिहिलेले."

"ते लंडनच्या घड्याळाचे आहेत. तिकिटावर पोचायची वेळ तिथली लिहितात. तिथे साडेबारा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात." त्याने साडेबाराचं टिंब खोडलं आणि सहावर दिलं. मग येण्याच्या गाडीचं आठचं टिंब खोडून रात्री दीडवर दिलं. दोन्ही रेघा पुन्हा ओढल्या.

आता दोन्ही रेघांचा उतार जवळजवळ सारखा होता. अकरा तास, साडेअकरा तास. अप आणि डाउन. कुठलाही कंट्रोलर मान डोलावेल अशा.

विश्वंभररावांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. पठाणकोटपासून रामेश्वरमपर्यंत रेल्वेच्या वेळापत्रकात वेळ एकच. गुवाहाटीला सूर्य कधी उगवतो नि ओख्याला कधी मावळतो, याच्याशी गाडीला घेणंदेणं नाही. छापलेला आकडा म्हणजे आपल्या भिंतीवरचं घड्याळ, ही त्यांच्या लेखी विचार करायचीच गोष्ट नव्हती. पण त्यांना माहीत होतं. तेच तर. इंग्लंडातल्या क्रिकेटचं धावतं वर्णन ते रेडिओवर ऐकत, तिकडे सकाळचा खेळ सुरू व्हायचा तेव्हा इकडे दुपारचा चहा व्हायचा. किती वेळा त्यांनी स्वतः वसुंधराबाईंना सांगितलं होतं, "आत्ता उठला असेल बघ तुझा मुलगा." एका खिशात हे होतं आणि दुसऱ्या खिशात ते तिकीट. तीन वर्षांत दोन्ही खिशांत एकदम हात घातला नव्हता.

"चूक होते, बाबा," विद्याधर म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. सुटका झालीच होती त्याची. "माझ्याही पहिल्यांदा लक्षात आलं नव्हतं. घड्याळ लावायला विसरलो आणि पहिल्याच दिवशी..." तो थांबला. "मग उद्या मी येतो ना ओरछ्याला? अस्थी..."

"नाही म्हटलं ना एकदा."

"पण आता तर..."

"नाही म्हणजे नाही." विश्वंभररावांनी तक्त्याचा बोळा केला आणि चुलीकडे फेकला. "लंडनला जाऊन वाद घालायला शिकून आलाय."

ते अंगणात निघून गेले.

विद्याधर आंघोळीला गेल्यावर गोदूबाई मागे आल्या. फांदीखाली विश्वंभरराव कलशाकडे पाठ करून उभे होते.

"आता कुणावर रागावलात?"

"तुम्ही मध्ये पडू नका अक्का."

"मी कुठे पडते? सोमवारी पडले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, तुम्हाला गाड्यांतलं काय कळतं." त्या हळू बोलत होत्या, पण शब्द एकेक ठेवत होत्या. "दवाखान्यात, पायरीवर. मी म्हटलं, पोराला कळवा. तुम्ही म्हणालात, साडेपाच तासांचा तो रस्ता, आत्तापासून बोलावून त्याची नोकरी कशाला घालवू. लागेल तेव्हा बोलवीन. म्हणालात की नाही?"

"म्हणालो."

"मला कळतच नव्हतं, म्हणून मी चूप बसले. मला वाटलं, इतके मोठे साहब आहेत, बरोबरच असेल." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी त्याला नाही सांगणार. माझं काम नाही ते. पण वसूच्या हाडांना त्याचा हात लावू देत नाही म्हणता, तर कारण तरी खरं द्या त्याला. जे दिलं होतं ते तर चुलीत गेलं."

विश्वंभररावांना त्यांचा इतका संताप आला की हातातला टॉवेल पिळवटला गेला. या बाईने सोमवारी जरा जोर का लावला नाही? पायरीवर ठाण मांडून बसायचं होतं, भांडायचं होतं. सगळ्यांनी त्यांचं ऐकलं होतं, याचाच त्यांना राग आला. ऑफिसातल्या एकानेसुद्धा म्हटलं नव्हतं, की साहेब, ताशी साडेसातशे मैल जरा जास्तच वाटतात.

दुपारी जेवणं झाली. विद्याधर ओसरीवर बसून आईच्या चष्म्याची काच कोटाच्या अस्तराने पुसत होता. विश्वंभरराव समोर येऊन बसले.

"तुझ्या आईला दवाखान्यात कधी नेलं, माहीत आहे?"

"बुधवारी ना? तार बुधवारची होती."

"रविवारी. त्याच्या आधीच्या रविवारी."

चष्मा पुसणारा हात थांबला.

"पहिल्या दिवसापासून ती म्हणत होती, विद्याला कळवा. मी म्हटलं, साडेपाच तास. म्हटलं, डॉक्टर म्हणतील तेव्हा कळवू, सकाळी कळवलं की दुसऱ्या दिवशी हजर. बुधवारी डॉक्टर म्हणाले." त्यांचा आवाज अजून रागावलेलाच होता, दुसरा आवाज त्यांना सापडत नव्हता. "रविवारी तार केली असती तर तू गुरुवारी सकाळी इथे असतास. हिशेब केलाय मी. अर्धा दिवस मिळाला असता."

विद्याधरने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"अजून आहे. ऐकून घे. गुरुवारी सकाळपासून ती विचारत होती, कुठपर्यंत आला. मला वाटत होतं, तू दिल्लीला उतरलास, साडेनऊच्या गाडीत बसलास. मी तिला सांगत गेलो. साडेअकराला मथुरा म्हटलं. मग आग्रा. धौलपूर. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, बरं. अडीचला म्हटलं, ग्वाल्हेर सोडलं. मी कोणाला विचारलं नव्हतं, कंट्रोलला फोन केला नव्हता, नुसतं घड्याळ बघून सांगत होतो. चारला म्हटलं, दतिया गेलं. आता अर्धा तास."

"मग?"

"म्हणाली, केस विंचरून द्या, मला असं बघून तो घाबरेल. फणी कपाटात होती. मी फणी घेऊन वळलो, तोवर..." त्यांनी मांडीवर हात आपटला. "त्या संध्याकाळी दिल्लीहून येणाऱ्या पाच गाड्या मी बघितल्या. प्रत्येक डबा. तू दिसला नाहीस तसा माझा राग वाढत गेला."

बाहेर शंटिंगचं इंजिन पुढे मागे करत होतं.

"तुम्ही तिला खोटं सांगत होतात," विद्याधर म्हणाला.

"खोटं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं."

"तुम्हाला वाटतं, आणि मग ते असतंच." त्याने चष्मा खाली ठेवला, फार काळजीपूर्वक. "मी नववीत असताना तुम्हाला वाटलं माझी परीक्षा दुपारी आहे. आई म्हणत होती सकाळी आहे. तिला दटावलंत. मी एक तास उशिरा पोचलो. आठवतं? त्यातही तुमच्या लेखी चूक शाळेचीच होती."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तिने चार दिवस मला मागितलं, आणि तुम्ही तिला एक आकडा दिलात. तिने तो घेतला, कारण तिने आयुष्यभर तुमच्याकडून आकडेच घेतले." आता त्याचा आवाज चढला होता, आणि तो हुबेहूब बापासारखा चढत होता. "पत्रातून एकदा विचारायचं, विद्या, किती तास लागतात रे. तीन वर्षांत एकदा. एका ओळीचं पत्र."

विश्वंभररावांनी तोंड उघडलं. तिकिटावर छापलेलं असताना विचारायचं कशाला, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

"उद्या तुम्ही येऊ नका," विद्याधर म्हणाला. "गुरुजींबरोबर मी जाईन."

"अग्नी मी दिलाय."

"द्यावाच लागला. मी नव्हतो."

आत गोदूबाईंनी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग तोही बंद झाला. छत्तीस वर्षांत विश्वंभररावांना कुणी कुठे येऊ नका असं म्हटलं नव्हतं. त्यांना वाटलं आपण उठून याच्या थोबाडीत मारू. हात उचलण्याइतका राग अंगात होता, पण तो कुणाच्या तोंडावर मारायचा हे ठरत नव्हतं. ते उठले आणि लिंबाखाली गेले. गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवावी लागली. कलश आणून त्यांनी विद्याधरच्या पुढ्यात ठेवला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "हात ओले करून घे आधी."

सोमवारी सकाळी विद्याधर, दत्तात्रेय गुरुजी आणि गोदूबाई पॅसेंजरने ओरछ्याला निघाले. विश्वंभरराव त्यांच्याबरोबर निघाले नाहीत. ते पाच मिनिटांनी निघाले आणि त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले. गार्डाने ओळखून आपल्या डब्यात बोलावलं, तर नको म्हणाले. ओरछ्याला उतरल्यावर पुढच्या तिघांनी टांगा केला. विश्वंभरराव मागून चालत गेले. विद्याधरने एकदा वळून बघितलं. परत जा असं तो म्हणाला नाही. थांबलाही नाही.

ते घाटावर पोचले तेव्हा विद्याधर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. फेब्रुवारीचं पाणी, थंडगार. गुरुजी काठावरून मंत्र सांगत होते आणि तो अडखळत म्हणत होता, संस्कृत शाळेपासूनच सुटलं होतं. विश्वंभरराव वरच्या पायऱ्यांवर उभे राहिले. कलश पाण्यात वाकडा झाला, राख थोडा वेळ एका जागी फिरली आणि मग खडकांमधल्या धारेला लागली. त्यांना वसुंधराबाईंना काहीतरी सांगायचं होतं. पण आता कुठलंही स्टेशनचं नाव घेतलं तर ते खोटं निघेल, म्हणून ते गप्प राहिले.

विद्याधर वर आला, ओल्या धोतराने, दात वाजत. वडिलांच्या शेजारून गेला. गोदूबाईंनी त्याच्या खांद्यावर पंचा टाकला.

दत्तात्रेय गुरुजी घाईत होते, त्यांना दुपारी दतिया गेटला सत्यनारायण होता. पायऱ्या चढता चढता त्यांनी सवयीने विचारलं, "विश्वंभरराव, परतीची गाडी कितीला?"

ती गाडी त्यांनी हजारो वेळा कागदावर ओढली होती.

"मला विचारू नका," विश्वंभरराव म्हणाले. "स्टेशनवर जाऊन विचारा."

गुरुजी हसले, मग हसायचे थांबले. विद्याधर पंचा तसाच डोक्यावर धरून वडिलांकडे बघत होता. घाटावर आल्यापासून पहिल्यांदाच. विश्वंभररावांनी नजर चुकवली नाही. आता हा काय म्हणायचं ते म्हणेल, आणि ते ऐकून घ्यावं लागेल, इतकंच त्यांना कळत होतं. मुलगा वळून टांग्याच्या दिशेने चालू लागला. विश्वंभरराव त्याच्या मागून निघाले, दहा पावलं अंतर ठेवून, आणि त्याच्यापेक्षा भरभर चालायची सवय असूनही त्यांनी ते कमी होऊ दिलं नाही.